वरठीच्या शाळेत एक सकाळ

रेल्वेने भंडाऱ्याला निघालेला माणूस भंडाऱ्यात उतरत नाही, वरठीत उतरतो. स्थानकाच्या पाटीवर 'भंडारा रोड' असे लिहिलेले असते. नवखा प्रवासी बाहेर येऊन विचारतो, शहर कुठे आहे? शहर आहे दहा-बारा किलोमीटरवर. स्थानक मात्र वरठीचे आणि तालुका मोहाडीचा. "गाव आमचं, नाव त्यांचं," असे आमचे यजमान हसत म्हणाले. ते या साप्ताहिकाचे जुने वाचक. पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली. "एकदा आमच्याकडे येऊन जा जी," असे त्यांचे कितीदा तरी पत्र आले होते. अखेर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही उभयता नागपूरहून सकाळच्या गाडीत बसलो.

वाटेत कामठी, कन्हान, चाचेर, थारसा, खात अशी स्थानके लागतात. कन्हान आले की आमच्या पिढीची माणसे खिडकीतून नदीकडे पाहतात, कारण बाबू हरदासांची समाधी त्या काठाला आहे. पुढे सगळा धानाचा मुलूख. धान कापून झाले होते, बांध्यांत ठिकठिकाणी पुंजणी रचलेली होती आणि बोड्यांत अजून पावसाळ्याचे पाणी होते. असा हिरवा-पिवळा प्रदेश ओलांडून गाडी वरठीत शिरते तेव्हा एकदम सनफ्लॅगच्या कारखान्याची धुराडी दिसू लागतात. अर्धे गाव धानावर आणि अर्धे शिफ्टवर जगते, असे म्हटले तरी चालेल. कारखान्यामुळे इथे बिहार, छत्तीसगडकडचीही कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यामुळे चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी आणि झाडीपट्टीची बोली एकाच वेळी कानावर पडते.

आम्ही मुद्दाम आलो होतो ते शाळा पाहायला. यजमानांच्या सूनबाई गावातल्या एका शाळेत शिकवतात. सासऱ्यांनी त्यांच्याविषयी लिहिले होते, "ही पोरांना घटना शिकवते, पाठ करून घेत नाही." या एका वाक्याने आमचे कुतूहल जागे झाले होते. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परिपाठाला उभे राहिलो.

राष्ट्रगीत झाले, राज्यगीत झाले, प्रतिज्ञा झाली. मग सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि तिने उद्देशिका सांगायला सुरुवात केली. तिच्यामागून सगळी शाळा म्हणू लागली. आमच्या वेळी या मजकुराला 'सरनामा' म्हणत. आता पुस्तकात 'उद्देशिका' आहे. आम्हांला जुना शब्द अधिक आवडतो, कारण पत्राच्या वरचा सरनामा पाहिला की पत्र कोणाचे ते कळते. असो. मुले एका चालीत म्हणत होती. पाढे म्हणतात ना, तशीच चाल. सार्वभौम, समाजवादी, धर्मनिरपेक्ष हे शब्द त्या चालीत गाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक गेले. 'दर्जाची व संधीची समानता' येथे दोन-तीन आवाज अडखळले आणि पुन्हा गाडी रुळावर आली.

परिपाठ संपला की एरवी मुले वर्गात जातात. सूनबाईंनी सातवीला थांबवून घेतले आणि विचारले, "दर्जा म्हणजे काय?" कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाई, दर्जा म्हणजे माल चांगला की वाईट ते. माझे बाबा कंपनीत तपासतात." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगितलंस. पोलादाचा दर्जा तपासून वेगवेगळा लावतात. मग माणसांचा दर्जा कोण लावतं?" आता मात्र मुलांची तोंडे सुटली. कोणी म्हणाले मास्तर लावतात, कोणी म्हणाले पैसा लावतो. एक मुलगी हळूच म्हणाली, "आडनाव विचारून लावतात." बाईंनी फळ्यावर तिन्ही उत्तरे लिहिली आणि खाली लिहिले: आपल्या संविधानाने कोणाला हा शिक्का मारू दिलेला नाही. सगळे मिळून दहा मिनिटे गेली असतील. आम्ही गेली कित्येक वर्षे उद्देशिका ऐकत आलो, पण 'दर्जा' या शब्दापाशी एवढा वेळ कधी थांबलो नव्हतो.

ही उद्देशिका शाळेच्या परिपाठात आली कशी, ते तरुण वाचकांना ठाऊक नसेल. ही वाट नागपूरहूनच निघाली. २००५ साली ई. झेड. खोब्रागडे हे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत उद्देशिकेचे वाचन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन सुरू केला. २००८ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने संविधान दिन राज्यभर साजरा करण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०१३ मध्ये शाळांत उद्देशिका वाचण्याचा शासन निर्णय निघाला आणि तो बहुतेक ठिकाणी फायलीतच पडून राहिला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने २६ नोव्हेंबर हा देशभरचा संविधान दिन केला. पुढे २१ जानेवारी २०२० रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पुन्हा परिपत्रक काढले. तेव्हा वर्षा गायकवाड शिक्षणमंत्री होत्या. २६ जानेवारी २०२० पासून रोज परिपाठात उद्देशिका, असा तो आदेश. म्हणजे एकदा दिलेली आज्ञा अमलात यायला सात वर्षे आणि दुसरी आज्ञा लागली. २०२४ मध्ये संविधानाच्या पंच्याहत्तरीनिमित्त 'घर घर संविधान' हा कार्यक्रमही शासनाने जाहीर केला.

आदेश आले, चांगले झाले. आमचे त्याविषयी गाऱ्हाणे नाही. पण वाचन म्हणजे शिक्षण नव्हे, हे सूनबाईंच्या वर्गात बसून आम्हांला फार स्पष्ट दिसले. मजा अशी की शिकवण्यासाठी लागणारे साहित्य पुस्तकात आहेच. २०१७ साली आलेल्या सातवीच्या 'इतिहास व नागरिकशास्त्र' या बालभारतीच्या पुस्तकात संविधानाची ओळख, उद्देशिका, वैशिष्ट्ये, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे आणि कर्तव्ये असे ओळीने पाठ आले. आठवीला संसद आणि न्यायव्यवस्था, दहावीला निवडणूक प्रक्रिया आणि लोकशाहीपुढील आव्हाने. अभ्यासक्रम कोणी वाईट म्हणणार नाही. अडचण पुस्तकाच्या बांधणीत आहे. आधी इतिहास, मागे नागरिकशास्त्र. इतिहास शिकवता शिकवता फेब्रुवारी उजाडतो आणि मूलभूत हक्क परीक्षेच्या तोंडावर प्रश्नोत्तरे देऊन उरकले जातात. "रिकाम्या जागा भरा, यातच कलम १७ येऊन जातं बघा," असे सूनबाई म्हणाल्या. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, हे वाक्य रिकाम्या जागेत शब्द भरून पूर्ण करायचे आणि एक गुण घ्यायचा!

कायद्याचा आधारही पक्का आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम ठरवताना पहिली गोष्ट कोणती पाहावी, तर तो संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. फिलिपिन्सने तर १९८७ च्या आपल्या राज्यघटनेतच लिहून ठेवले की सर्व शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमात घटनेचा अभ्यास असलाच पाहिजे. केरळातील कोल्लम जिल्ह्याने वेगळी वाट धरली. तेथे गावोगाव माणसे फिरली, शाळेबाहेरच्या मोठ्या माणसांनाही संविधान समजावले आणि जानेवारी २०२३ मध्ये तो देशातला पहिला संविधान-साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला.

पण जर्मनीची गोष्ट आम्हांला राहून राहून आठवते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली जर्मनीने जी घटना केली, तिच्या १४८ व्या कलमात नागरिकशास्त्र हा शाळेचा विषय ठरवला होता आणि शाळा सोडताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात घटनेची एक प्रत द्यावी असेही म्हटले होते. किती सुंदर तरतूद! चौदा वर्षांनी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. घटनेची प्रत घरात असून भागले नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना हेच बजावले होते. घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती मशागत करून रुजवावी लागते, असा त्यांचा इशारा होता. धानाच्या मुलखात मशागत म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

हे सगळे लिहिताना मोहाडी तालुक्यात बसून एक नाव टाळता येत नाही. खैरलांजी याच तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखाबाई भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन ही दोन मुले यांची गावच्या जमावाने हत्या केली. प्रियांका बारावीत शिकत होती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा सश्रम कारावास केला. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्हीकडे लागू झाला नाही. भय्यालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहत २०१७ मध्ये गेले.

आम्ही यजमानांकडे हा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. रात्री जेवताना, पानात गरम भात आणि पोपटाच्या शेंगांची भाजी असताना, ते म्हणाले, "त्या जमावातली माणसं शाळा शिकलेली नव्हती काय? प्रतिज्ञा म्हणतच मोठी झाली असतील ना?" यावर कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने सूनबाई म्हणाल्या, "म्हणून मला सतराव्या कलमाला रिकाम्या जागेत सोडवत नाही, बाबा." त्यांच्या वर्गात सगळ्या समाजांची मुले आहेत. कलम १७ आपल्या मुलांना पाठ असून काय उपयोग? ते ज्यांच्या घरांत पोचायला हवे, त्यांच्या मुलांना ते समजले पाहिजे. नागरिकशास्त्र सर्व शाळांत सक्तीचे हवे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. विहारात रविवारी आपण कितीही वर्ग घेतले तरी तेथे आपलीच मुले येणार. गावातली सगळी मुले एका छपराखाली बसतात ती जागा एकच, सरकारी शाळा.

सक्ती म्हटली की एक प्रश्न येतोच. सक्ती कशाची? नाशिकच्या संजय साळवे या शिक्षकांचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवून धरली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षकावर हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. त्याआधी १९८६ मध्ये केरळातील तीन भावंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढले आणि न्यायालयाने परत घ्यायला लावले. ही दोन्ही प्रकरणे सातवीच्या मुलांना गोष्टीसारखी सांगता येतात. सूनबाई सांगतातही. मुलांना फार नवल वाटते की संविधान न म्हणणाऱ्याचेही रक्षण संविधानच करते. आमचे मत विचाराल तर मुलाच्या ओठांवर सक्ती नको, वेळापत्रकावर हवी. आठवड्याला ठरलेले तास, वेगळे पुस्तक, या विषयाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक आणि पाठांतराऐवजी समज तपासणारी परीक्षा, एवढी सक्ती शासनाने स्वतःवर करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान आम्हांला भंडाऱ्याला घेऊन गेले. बाबासाहेब १९५४ मध्ये येथूनच लोकसभेची पोटनिवडणूक लढले. १९५२ ला मुंबईत पराभव झाला होता, ते राज्यसभेत होते, प्रकृती ढासळत होती, तरी ते या उन्हात प्रचाराला आले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे 'जाळावे', म्हणजे कोणालाच देऊ नये, तरच बाबासाहेब निवडून येतील. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवा असे लोकांना कसे सांगावे, अशी त्यांची भूमिका होती, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली आहेत. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून काही हजार मतांनी हरले.

यजमानांच्या वडिलांनी त्या निवडणुकीत दोन्ही मते टाकली होती. "बाप लिहा-वाचायला शिकलेला नव्हता," ते म्हणाले, "पण म्हणायचा, साहेबांनी सांगितलं, मत जाळायचं नाही. मग नाही जाळलं." नागरिकशास्त्राचा एवढा चोख धडा आम्ही पुस्तकात वाचलेला नाही. दहावीच्या 'निवडणूक प्रक्रिया' या पाठाला जोडून निदान भंडारा जिल्ह्यात तरी ही हकिगत सांगायला काय हरकत आहे? मुलांच्या आजोबा-पणजोबांचीच ती गोष्ट आहे.

सूनबाईंची आणखी एक रीत सांगायची राहिली. त्या मुलांना 'गावात कलम शोधा' असा गृहपाठ देतात. वही उघडून आम्ही मनसोक्त वाचल्या. एकाने लिहिले होते, 'आमच्या शाळेत मतदान केंद्र असते, कलम ३२६.' एकीने लिहिले, 'न्हाव्याचे दुकान, चहाचे हॉटेल, कलम १५, कोणालाही मनाई करता येत नाही.' हातपंप आणि विहिरीखालीही पंधराच. कंपनीत काम करणाऱ्या वडिलांच्या मुलाने लिहिले होते, 'चौदा वर्षांच्या आतील मुलाला कारखान्यात कामाला लावत नाहीत, कलम २४. मला कंपनी आतून पाहायची आहे, पण अजून पाच महिने वाट पाहावी लागेल.' त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवे की पाहायला जाणे आणि कामाला जाणे वेगळे! चुकांवर बाई लाल रेघ मारत नाहीत, खाली एक प्रश्न लिहितात. प्रत्येक गृहपाठाखाली पालकांची सही घ्यायची, असा नियम आहे.

एका वहीत सतराव्या कलमाखाली चारच ओळी होत्या. मुलगी शेतकरी घरातली, घरी माणसे कामाला येणारी. तिने लिहिले होते, 'आमच्या घरी कामावरच्या काकांसाठी कप वेगळा आहे. तो बाहेर खिडकीत ठेवतात. हे कलम १७ मध्ये येते का? की घरातले असल्यामुळे येत नाही?' बाईंनी खाली लिहिले होते, 'तुला काय वाटते?' आणि त्याखाली वडिलांची सही होती. त्यांनी वाचून सही केली की न वाचता, ते कळायला मार्ग नाही.

त्या मुलीच्या वडिलांना पुढच्या पालकसभेचा निरोप गेला आहे. ते आले तर विषय कसा काढावा, यावर त्या रात्री यजमानांच्या घरी बराच वेळ खल चालला होता. सूनबाईंना वाटत होते, वही पुढे ठेवून सरळ विचारावे. यजमान म्हणाले, मुख्याध्यापकांना सोबत घे. वहिनी इतका वेळ भांडी आवरत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कपाचं नाव काढू नको बाई. पालकसभा झाली की त्यांना आपल्या घरी चहाला बोलाव."